फीडरवर फिंच येत नाहीत? हिवाळ्याची तयारी, क्रमाने

'महिना झाला फीडर लावून, थिसलची अख्खी पिशवी ओतली, एक गोल्डफिंच फिरकला नाही.' न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्कच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांमधून डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार हमखास ऐकू येते. (फीडर म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगायचं भांडं, थिसल म्हणजे आपलं कारळं, आणि गोल्डफिंच हा फिंच कुळातला, बिया खाणारा छोटा पक्षी.) बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक निघतं. पक्षी येतो पण ओळखू येत नाही, दाणे शिळे असतात, नाहीतर फीडर चुकीच्या जागी असतो. तिन्हीचं मूळ एकच, ते म्हणजे उलटा क्रम. आधी फीडर विकत घेतला जातो, मग दाणे, आणि जागेचा विचार शेवटी, बर्फ पडल्यावर. पुढच्या पायऱ्या ईशान्य अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी आहेत. दक्षिणेकडे किंवा पश्चिम किनाऱ्यावर वेळापत्रक बदलेल, क्रम बदलणार नाही.

१. कोणाची वाट पाहताय ते ठरवा (सप्टेंबर)

गोल्डफिंच न्यू जर्सीचा राज्यपक्षी. १९३५ पासून. उन्हाळ्यातला नर पिवळाजर्द, कपाळावर काळी टोपी, त्यामुळे तो सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण शरद ऋतूत त्याची पिसं गळून नवी येतात आणि हिवाळ्यात नर-मादी दोघंही मळकट तपकिरी-शेवाळी दिसतात. 'आमच्याकडे चिमण्याच येतात' असं सांगणाऱ्यांच्या फीडरवर निम्म्या वेळा गोल्डफिंच बसलेले असतात.

ओळख अशी: अंगावर रेघोट्या नाहीत, काळसर पंखांवर दोन फिकट पट्टे, चोच आखूड आणि शंकूसारखी. उडताना हेलकावे खात जातो आणि प्रत्येक हेलकाव्याला चार अक्षरी हाक देतो. इथली मंडळी ती 'पोटॅटो चिप' अशी लक्षात ठेवतात, आणि खरंच तशीच ऐकू येते.

हाउस फिंच जवळजवळ रोज येईल. मादी पूर्ण तपकिरी आणि रेघोट्यांची, नराच्या डोक्या-छातीवर लाली. पाइन सिस्किन गोल्डफिंचएवढाच, पण अंगभर गडद रेघा आणि पंखांत पिवळी झाक. हा दरवर्षी येत नाही. रेडपोल, कपाळावर लाल ठिपक्याचा, त्याहून दुर्मीळ. सिस्किन आणि रेडपोल कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलांतले. तिथे सूचिपर्णी झाडांचं आणि बर्चचं बी कमी धरलं की ते झुंडीनं दक्षिणेला उतरतात. फिंच रिसर्च नेटवर्क दर शरदात 'विंटर फिंच फोरकास्ट', म्हणजे यंदा कोणते फिंच दक्षिणेला येतील याचा अंदाज काढतं, तो वाचून घ्या. ज्या वर्षी उत्तरेत बियांचा सुकाळ असतो त्या वर्षी सिस्किनची आस धरून फीडर बदलत बसण्यात अर्थ नाही.

तपासा: फीडर नसतानाही ऑक्टोबरात परिसरात गोल्डफिंच दिसतात का? सुकलेली सूर्यफुलं, कोनफ्लॉवर, स्वीटगमची काटेरी बोंडं, बर्चची झाडं बघा. थवा आसपास असेल तर अर्धं काम झालं.

२. सोसायटीचे नियम आणि अस्वलं

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणूनच लोक ती गाळतात. टाउनहाउस किंवा काँडोत राहत असाल तर एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचे, नियम वाचा. काही ठिकाणी उंदरांच्या भीतीनं फीडरला बंदी असते, काही ठिकाणी जमिनीवर दाणे सांडू न देण्याची अट. अट असेल तर फक्त सोललेलं सूर्यफूल आणि खाली ट्रे, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

न्यू जर्सीच्या वायव्य भागात, म्हणजे ससेक्स, वॉरन, पसेइक, मॉरिस या बाजूला काळी अस्वलं आहेत. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्यांना मेजवानी. अशा भागात ऐन थंडी पडल्यावरच फीडर लावा, रात्री घरात घ्या आणि मार्चच्या मध्यापर्यंत उतरवा. डिसेंबर ऊबदार गेला तर अस्वल झोपलेलं असेलच असं नाही.

३. जागा (ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा)

इथे घाई करू नका. फीडर हलवता येतो, पण एकदा सवय लागलेल्या पक्ष्यांना नव्या जागेवर विश्वास बसायला पुन्हा दिवस जातात.

पहिलं अंतर काचेचं. फीडर खिडकीपासून ३ फुटांच्या आत असावा, नाहीतर थेट ३० फुटांपलीकडे. मधलं अंतर घातक. घाबरलेला पक्षी पूर्ण वेगात येऊन काचेवर आपटतो. अगदी जवळ असेल तर त्याला वेग घ्यायलाच जागा मिळत नाही. अंगणामुळे मधल्याच अंतरावर लावावा लागत असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूनं दर दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावा. एखाददुसरा ससाण्याचा स्टिकर लावून काही होत नाही. पक्षी त्याला वळसा घालून उरलेल्या काचेवर आपटतात.

दुसरं अंतर आडोशाचं. फिंचना खायला उघडी जागा आवडते, पण धोका दिसताच शिरायला दाट झुडूप हवं. फीडरपासून १० ते १२ फुटांवर होली, जुनिपर किंवा आर्बरविटीसारखं सदाहरित झाड असेल तर उत्तम. त्याहून जवळ असेल तर त्याच झुडपात शेजाऱ्यांचं मांजर दबा धरून बसतं.

तिसरा प्रश्न खारींचा. इथली करडी खार आपल्या पट्टेदार खारीच्या कितीतरी पट मोठी, आणि सर्कशीत शोभेल अशी. झाडावरून किंवा डेकच्या कठड्यावरून ती साधारण १० फूट लांब उडी घेते, जमिनीवरून ४-५ फूट उंच. म्हणून खांब झाडं आणि कठड्यांपासून १० फूट दूर, आणि खांबावर ५ फुटांच्या आसपास नळकांडी किंवा घुमटाच्या आकाराचा बॅफल, म्हणजे खारीला वर चढू न देणारा अडसर. नुसतं कारळं ठेवणार असाल तर खारी फारसा त्रास देत नाहीत, सूर्यफूल ठेवलं की मात्र बॅफलला पर्याय नाही. खांबाला ग्रीस किंवा तेल कधीही लावू नका. ते पक्ष्यांच्या पिसांना लागलं की पिसांची ऊब जाते.

सावध: खांब जमीन गोठायच्या आत रोवा. डिसेंबरच्या शेवटी घण घेऊन अंगणात उभं राहण्याची वेळ आणू नका.

४. फीडर कोणता

दोन फीडर घ्या, त्याहून जास्त सुरुवातीला नकोत.

एक, कारळ्यासाठीची नळी. तिची भोकं अगदी बारीक चिरेसारखी असतात. सूर्यफुलाच्या नळीत कारळं भराल तर ते मोठ्या भोकांतून भुरुभुरू गळून जाईल. दुसरा, सोललेल्या सूर्यफुलासाठी साधी, मोठ्या भोकांची नळी किंवा बारीक जाळीचं नळकांडं. दोन्हींना वर पसरट टोपी हवी. ईशान्येच्या हिवाळ्यात बर्फापेक्षा पावसाचा आणि वितळून ठिबकणाऱ्या पाण्याचा त्रास जास्त.

कापडी जाळीचा मोजा स्वस्त मिळतो आणि गोल्डफिंचना त्यावर लटकायला आवडतं. पण तो भिजतो, आत गोळे होतात आणि नीट धुता येत नाही. कोरड्या थंडीत चालवून घ्या, एरवी माझं मत नळीच्या बाजूनं.

हाउस फिंच फीडर बळकावून बसत असतील तर दांडी वर आणि भोक खाली, असा उलटा फीडर मिळतो. गोल्डफिंच उलटे लटकून सहज खातात, हाउस फिंचना ते जड जातं. फीडर पिवळाच हवा वगैरे गोष्टींवर पैसे घालवू नका. त्याऐवजी तळ उघडून हात आत जातो का ते बघा. जो फीडर धुता येत नाही तो घेऊच नये.

५. दाणे: इथेच बहुतेकांचं बिनसतं

दुकानात थिसल किंवा नायजर नावानं मिळणारं काळं, बारीक, सुईसारखं बी म्हणजे आपलं कारळं. नाशिकच्या आणि अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात जे पिकतं आणि चटणीत पडतं, तेच. अमेरिकेत विकलं जाणारं कारळं बहुतांशी भारत, इथिओपिया, म्यानमार इथून येतं. सोबत अमरवेलीसारख्या तणांचं बी रुजू नये म्हणून ते उष्णता दिल्याशिवाय देशात घेत नाहीत. मग जहाज, गोदाम, दुकानाचं फडताळ. पिशवी तुमच्या हातात येईपर्यंत तिचं वय झालेलं असतं.

कारळ्यात तेलाचं प्रमाण ३० ते ४० टक्के. थंडीत फिंचना ते हवंच असतं, पण तेल जास्त म्हणजे खवटपणाही लवकर. मराठी घराला यासाठी वेगळं शिकायला नको. जे कारळं तुम्ही चटणीला वापरणार नाही ते फिंचही खाणार नाहीत.

तपासा: चमचाभर कारळं पांढऱ्या कागदावर घ्या आणि चमच्याच्या पाठीनं चुरडा. कागदावर तेलाचा डाग उमटला आणि वास गोडसर आला तर माल चांगला. कोरडी भुकटी झाली किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर पिशवी परत करा. ही परीक्षा फीडर भरण्याआधी करायची, पक्षी येईनात म्हणून महिन्यानंतर नाही.

सुरुवातीला छोटीच, ३ ते ५ पौंडांची पिशवी घ्या. २५ पौंडांची पिशवी स्वस्त दिसते, पण तुमच्याकडे अजून गिऱ्हाईकच नाही. वर्दळ असलेल्या दुकानातून घ्या. इंडियन ग्रोसरीतलं कारळं नडीअडचणीला चालेल, मात्र ते कोरं असावं, मीठमसाला लावलेलं नाही. पौंडामागे ते महागच पडतं.

सोललेलं सूर्यफूल हा दुसरा आणि माझ्या मते पहिला दाणा. एकच विकत घेणार असाल तर हेच घ्या. गोल्डफिंच, सिस्किन, हाउस फिंच सगळे खातात आणि खाली टरफलं पडत नाहीत. चिकडी, टिटमाउस यांनाही ते आवडतं, आणि याचा फायदा आहे. हे पक्षी नवी जागा फार लवकर शोधतात आणि त्यांची गजबज बघून फिंच उतरतात. कारळं एकटं टांगलं तर शोध लागायला आठवडे जाऊ शकतात.

आता काय ठेवू नये ते. 'वाइल्ड बर्ड मिक्स'च्या पिशवीत बहुधा लाल ज्वारी आणि मक्याची भरड जास्त असते. फिंच ते चोचीनं उडवून टाकतात, मग खाली हाउस स्पॅरो, पारवे आणि रात्री उंदीर. बाजरी, वरी, तांदूळ यांचंही तेच. भारतात गच्चीवर मूठभर तांदूळ टाकायची सवय चांगली होती, इथल्या फिंचसाठी ती उपयोगाची नाही. शिळी पोळी, पाव, फरसाण बाहेर टाकू नका. पोट भरतं पण पोषण नाही, आणि मीठ लहान पक्ष्यांना बाधतं. साधारण अर्ध्या औंसाच्या जिवाची ही गोष्ट आहे.

साठवण: घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, गराजमध्ये किंवा थंड तळघरात. प्लास्टिकची पिशवी उंदीर कुरतडतात. आणि पक्ष्यांचे दाणे पॅन्ट्रीत, रवा-डाळीशेजारी कधीही ठेवू नका. त्यातून बारीक पतंग निघतात, आठवडाभरात रव्याला जाळी धरते आणि मग घरात जे ऐकावं लागतं त्याला मी जबाबदार नाही. शंका असेल तर नवी पिशवी घट्ट बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी मरतात.

६. फीडर लावणं आणि वाट पाहणं (ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर)

क्रम असा. आधी सूर्यफुलाचा फीडर, जमिनीपासून ५-६ फुटांवर. त्यावर चिकडी वगैरेंची ये-जा सुरू झाली की त्याच्या शेजारी, दोन-तीन फुटांवर, कारळ्याची नळी.

नळी काठोकाठ भरू नका. पहिल्या महिन्यात तळाशी दोन-तीन इंच पुरे. फिंच वरच्या भोकांतलं खातात, तळाचं कारळं ओल धरून बसतं, गोळा होतं आणि बुरशी येते. रोज येता-जाता नळी एकदा हलवा. नवे दाणे जुन्यांवर ओतू नका: उरलेले बाहेर काढा, नवे तळाला, जुने चांगले असतील तर वर. तीन-चार आठवड्यांत खाल्लं गेलं नाही तर ते फेका आणि ताजं भरा. खूप पावसानंतर तेवढीही वाट पाहू नका.

खाली पडलेला काळा थर बघून अनेकजण म्हणतात, 'खात नाहीत, नुसतं सांडतात.' उचलून बघा. फिंच प्रत्येक बी सोलून गर खातात आणि टरफल टाकतात. ते टरफल बियांसारखंच दिसतं, पण बोटांत दाबलं की पोकळ. पोकळ टरफलं म्हणजे पक्षी जेवून गेले. जे खरे दाणे पडतात ते जुंको आणि मोर्निंग डव्ह वेचतात.

पहाट सरताच आणि संध्याकाळी अंधारायच्या आधी वर्दळ सर्वाधिक. तुम्ही कामावरून साडेपाचला येता तेव्हा डिसेंबरात काळोख झालेला असतो, म्हणून निर्णय शनिवार-रविवारच्या सकाळीच घ्या. थंडी सौम्य असेल तर जानेवारीतही फिंच गायब होऊ शकतात. बाहेर झाडांवर बी आहे, एवढाच त्याचा अर्थ. बर्फ पडून दोन दिवस झाले की परततात. त्याआधी फीडरची जागा बदलू नका, दाणे बदलू नका, फक्त ताजे ठेवा.

डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणार असाल तर फीडर भरून ठेवून जाण्याचा मोह टाळा. फिंच एका अंगणावर अवलंबून नसतात, उपाशी मरणार नाहीत. पण तीन आठवडे पावसात भिजलेले दाणे आजार पसरवतात. उतरवा, धुवा, आल्यावर लावा. थवा परत यायला काही दिवस लागतील. शेजारी उत्साही असतील तर किल्लीसोबत डबाही द्या, मात्र 'भरपूर भरा' असं सांगू नका.

७. पाणी

सगळं गोठलेलं असताना उघडं पाणी दाण्यांपेक्षा जास्त ओढ लावतं, विशेषतः सुक्या बिया खाणाऱ्या पक्ष्यांना. खोली इंच-दोन इंच, तळ खडबडीत किंवा मध्ये एक सपाट दगड. हीटर असलेलं बर्डबाथ घेतलंत तर बाहेरच्या जीएफसीआय सॉकेटलाच (शॉक लागू नये म्हणून वीज आपोआप तोडणाऱ्या) जोडा. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ, ग्लिसरीन किंवा अँटीफ्रीझ टाकणं म्हणजे विष घालणं. हीटर नको असेल तर रोज सकाळी कोमट पाण्याचं भांडं ठेवा आणि गोठलं की आत आणा. उकळतं पाणी नको.

८. साफसफाई आणि आजार

जो हे करणार नाही त्यानं फीडर लावू नये, असं मी स्पष्टच सांगते.

दर दोन आठवड्यांनी फीडर रिकामा करा, साबणाच्या पाण्यानं घासा, मग १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी यात १० मिनिटं बुडवा, भरपूर धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या नळीत कारळं भरणं ही नेहमीची चूक. दुसऱ्या दिवशी गोळा झालेला दिसेल. थंडीत लवकर वाळत नाही म्हणून दोन नळ्या आलटून पालटून वापरणं सोयीचं. फीडर स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. बाहेर बादलीत, हातमोजे घालून. फीडरखालची टरफलंही झाडून कचऱ्यात टाका.

दोन आजार ओळखता आले पाहिजेत. हाउस फिंचचे डोळे सुजलेले, चिकटलेले, खपली धरलेले दिसले तर तो मायकोप्लाझ्मा जिवाणूचा संसर्ग. या पक्ष्यांत तो १९९४ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या परिसरात पहिल्यांदा लक्षात आला आणि पुढे सगळ्या पूर्व भागात पसरला. गोल्डफिंचनाही होतो. दुसरा साल्मोनेला, हाही जिवाणूचाच. पिसं फुगवून, पेंगत, तुम्ही जवळ गेलात तरी न उडणारा सिस्किन दिसला तर तो 'माणसाळलेला' नाही, मरणपंथाला लागलेला असतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात सिस्किन प्रचंड संख्येनं दक्षिणेत उतरले तेव्हा हा रोग फीडरांवरून पसरला, आणि काही राज्यांत माणसांनाही लागण झाल्याचं सीडीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं, जाहीर केलं.

सावध: आजारी किंवा मेलेला पक्षी दिसला की त्याच दिवशी सगळे फीडर आणि पाण्याचं भांडं उतरवा. निदान दोन आठवडे लावू नका. 'बिचारे थंडीत काय खातील' म्हणून चालू ठेवणं म्हणजे निरोगी पक्ष्यांना आजाऱ्यांच्या पंगतीला बसवणं. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका आणि मुलांना फीडर हाताळल्यावर साबणानं हात धुवायला लावा. आजारी पक्षी घरात आणून शुश्रूषा करणं कायद्यातही बसत नाही. १९१८ पासून अमेरिकेतले मूळचे वन्य पक्षी ठेवायला परवाना लागतो. वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा.

घरी कोंबड्या पाळत असाल तर बर्ड फ्लूच्या काळात फीडर नकोच.

आणि एक दिवस सगळे पक्षी अचानक नाहीसे होतील. आजूबाजूच्या झाडावर कूपर्स हॉक किंवा शार्प-शिन्ड हॉक, म्हणजे छोटे पक्षी मारून खाणारा शिकारी पक्षी, बसलाय का बघा. त्याला हाकलायचा नाही. तीन-चार दिवस फीडर उतरवा, तो दुसरीकडे जातो.

९. मार्चनंतर

मार्च-एप्रिलमध्ये नर गोल्डफिंच ठिपक्याठिपक्यांनी पिवळे व्हायला लागतात. काहींना तो आजार वाटतो, पण ती नव्या पिसांची वेळ असते. सिस्किन आलेले असतील तर कधीकधी मेपर्यंत रेंगाळतात. अस्वलांचा भाग नसेल तर फीडर चालू ठेवायला हरकत नाही, पण उकाड्यात कारळं आणखी लवकर खवटतं, तेव्हा आठवड्याला पुरेल एवढंच भरा. बंद करणार असाल तर शेवटची धुलाई करून, वाळवून ठेवा. उरलेलं कारळं पुढच्या हिवाळ्यासाठी जपू नका, ते कामाचं राहणार नाही.

जागा असेल तर मेमध्ये फीडरच्या आसपास कोनफ्लॉवर, ब्लॅक-आइड सुझन, झिनिया, सूर्यफूल लावा. शरदात ती वाळली की बाग 'साफ' करणाऱ्या माणसाला तेवढा वाफा सोडायला सांगा. गोल्डफिंच त्या बोंडांवर सप्टेंबरपासूनच येऊ लागतात, आणि ऑक्टोबरात फीडर लावाल तेव्हा थवा आधीच अंगणात असतो. वाळलेले दांडे मार्चअखेरीस कापा.